डिंडोलीकडचा कल

१

आमचा उपग्रह पावाच्या लादीएवढा होता. कॉलेजच्या मुलांनी बनवलेला आणि चार वर्षांपूर्वी वर गेलेला. रोज सकाळी साडेदहाच्या सुमारास तो सुरतेवरून जायचा. पलसाण्याच्या पुढे हायवेला लागून असलेल्या आमच्या कॉलेजच्या चौथ्या मजल्यावर, एका लहान खोलीत मी त्याची वाट बघत बसलेला असायचो. टेबल, दोन कॉम्प्युटर आणि कुरकुरणारा एसी, एवढंच त्या खोलीत होतं. गच्चीवरच्या अँटेनाची मोटर फिरू लागली की तिची घरघर भिंतीतून खाली उतरायची. उपग्रह क्षितिजावर आला की स्पीकरमधून टिक टिक ऐकू यायची. दहा-अकरा मिनिटांत तो पलीकडच्या क्षितिजाखाली जायचा. मग शिपाई भाईदास चहा घेऊन यायचा.

माझं काम सोपं होतं. आज उपग्रह कुठून उगवेल ते आमच्या गणितातून आधी काढायचं आणि तो खरोखर कुठून उगवला ते लिहायचं.

जगात फक्त पृथ्वी आणि उपग्रह असते आणि पृथ्वी अगदी गोल असती, तर हे गणित शाळेतल्या मुलानेही केलं असतं. पृथ्वी जरा चपटी आहे, पण तेही मांडता येतं. खरी मेख तिसऱ्याची. सूर्य कोट्यवधी किलोमीटर लांब आहे, चंद्रही काही जवळ नाही. तरी दोघं उपग्रहाला आपल्याकडे किंचित ओढतात. एका दिवसात त्याने काहीच होत नाही. वर्षं गेली की कक्षेचा कल बदलतो आणि ठरलेल्या वेळेला येणारा उपग्रह ठरलेल्या वेळेला येईनासा होतो.

सूर्य आणि चंद्र आमच्या गणितात होते. म्हणूनच चार वर्षं माझी वही आणि आकाश एकमेकांशी जुळत आले होते.

जानेवारीतल्या एका सोमवारी टिक टिक सुरू झालीच नाही. अँटेना बरोबर जागी वळली होती. मी हाताने ती थोडी डावीकडे नेली, आणि आवाज एकदम स्वच्छ आला.

फरक एका अंशाहूनही कमी होता. मी तो लिहून ठेवला. गुरुवारी तो वाढला होता.

"शुं थयुं साहेब?" भाईदासने चहा ठेवत विचारलं.

"काही नाही. वरच्या विरळ हवेचा परिणाम असेल."

पण हवेने उपग्रह खाली सरकला असता. त्याची उंची ठीक होती. बदलत होता तो कल, आणि तोही रोज एकाच बाजूला.

२

ते गणित माझ्या नावावर छापलं गेलं होतं. ते नूतनने केलं होतं.

नूतन बागुल डिंडोलीची. वडील लोटू इथल्याच एका डाईंग हाऊसमध्ये कामाला, आई प्रमिलाबाई घरी बसून साड्यांना चमकणारे स्टोन चिकटवायची. माणसं अमळनेरकडची. मीही तिकडचाच, गजेंद्र देसले. पहिल्या वर्षी हजेरी घेताना आडनाव ऐकून मी तिच्याशी अहिराणीत बोललो, तेव्हा गुजराती बोलणाऱ्या वर्गात ती पहिल्यांदा हसली. त्या हसण्यावर विसंबून ती पुढची तीन वर्षं माझ्या खोलीत येत राहिली.

"सर, आपण सूर्य-चंद्र सोडून दिलेत," एकदा ती म्हणाली.

"इतक्या लहान उपग्रहाला काय फरक पडतो?"

"आज नाही पडणार. चार वर्षांनी पडेल." पेन्सिल कानामागे खोचून ती स्क्रीनकडे बघत राहिली. "तिसऱ्याला जवळ यावं लागत नाही, सर. त्याला फक्त थांबता आलं पाहिजे."

सात महिने खपून तिने सगळं लिहिलं. पेपर गेला तो माझ्या आणि प्रिन्सिपॉलसाहेबांच्या नावाने. ती विचारायला आली, तेव्हा मी म्हणालो, पुढच्या पेपरात तुझं नाव घालू. तिने लेखी तक्रार केली. मग समिती बसली. समितीपुढे मी सांगितलं, की फाइल माझी आहे, या मुलीला माझा कॉम्प्युटर वापरू दिला होता, तिने ती उतरवून घेतली. प्रश्न गुजरातीतून विचारले गेले आणि ती अडखळली. तिला एक वर्षासाठी काढून टाकलं.

ती रडली नाही. आकडा मनात ठेवायचा असला की ती स्क्रीनकडे जशी बघायची, तसं तिने माझ्याकडे बघितलं.

ती परत आलीच नाही. हायवेवरच्या कुठल्याशा युनिटमध्ये पॅकिंगला लागली. वर्षभराने एका सकाळी कामावर जाताना सर्व्हिस रोडवर टँकरखाली आली. मला भाईदासने सांगितलं. मी त्या वेळी हजेरीपत्रकावर सह्या करत होतो. सगळ्या सह्या करून झाल्या, मग मी पेन खाली ठेवलं.

मी तिच्या घरी गेलो नाही. त्याला आता दोन वर्षं झाली.

३

फेब्रुवारीत मी गणितात आणखी एक अज्ञात वस्तू घातली. सूर्य नाही, चंद्र नाही, नुसतीच तिसरी काही. ती कुठे असली तर हा कल येईल, एवढंच कॉम्प्युटरला विचारलं. गंमत म्हणूनच, असं मी स्वतःला सांगितलं.

उत्तराची दिशा आकाशात नव्हती. आकाशातली वस्तू दिवसभर सरकते, ही सरकत नव्हती. पृथ्वी फिरेल तशी तीही फिरत होती, म्हणजे ती जमिनीवर होती. कॉलेजपासून वायव्येला.

मी नकाशावर पट्टी ठेवली. रेषा डिंडोलीवरून गेली आणि पुढे तापी ओलांडून अडाजणला पोचली. अडाजणला माझं घर आहे. एका रेषेवर हजार घरं असतात. मी हसून कॉम्प्युटर बंद केला.

त्या संध्याकाळी सुवर्णा, माझी बायको, भाजी निवडताना म्हणाली, "हल्ली तुम्हाला रोज उशीर होतो."

"कुठे? पाचला निघतो, सहाला घरी."

"सात वाजायला आलेत."

भिंतीवरच्या घड्याळात सहा पन्नास झाले होते. मी कुठे थांबलो नव्हतो. मला रस्ता आठवत होता: सचिन, उधना, पूल, घर. नेहमीचाच.

फोनमध्ये आपण कुठे कुठे गेलो त्याची रेघ राहते. मी दोन महिन्यांच्या रेघा एकावर एक ठेवून पाहिल्या. नवीन वर्षाच्या आरंभी त्या सरळ होत्या. मग रोज जराशी, एक गल्ली, दोन गल्ल्या, त्या पूर्वेला वाकत गेल्या होत्या. शेवटची रेघ धनुष्यासारखी झाली होती. सगळ्यांचा फुगवटा एकाच जागेकडे होता, आणि ती जागा डिंडोलीत होती.

यातली एकही गल्ली मी पाहिल्याचं मला आठवत नव्हतं.

"काय बघताय एवढं?" सुवर्णाने विचारलं.

"ट्रॅफिक," मी म्हणालो.

४

दुसऱ्या दिवशी मी मोटरसायकल कॉलेजातच ठेवली आणि योगेशच्या गाडीतून निघालो. योगेश माझ्याच विभागात शिकवतो. माणूस बोलका. मुलाच्या क्रिकेटबद्दल बोलत बोलत तो गाडी चालवत होता. मी डोळे मिटले आणि बऱ्याच दिवसांनी मान सैल सोडली.

गाडी थांबली तेव्हा तो गोंधळून बाहेर बघत होता.

"अरे, मी इकडे कुठे वळलो?"

गल्ली अरुंद होती. दोन्ही बाजूंना एकमजली घरं, आतून कापडाच्या लूमची खडखड. आमच्या डाव्या हाताच्या उंबऱ्यावर एक बाई मांडीवर निळी साडी पसरून स्टोन चिकटवत बसली होती. केस पांढरे झाले होते, तरी मी तिला ओळखलं. समितीच्या दिवशी ती कॉरिडॉरमध्ये उभी होती. तिला कोणी बसायला खुर्ची दिली नव्हती.

प्रमिलाबाईंनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. आश्चर्य नाही, राग नाही. रोजची एसटी यावी आणि माणसाने ती बघावी, तसं. मग पुन्हा खाली बघून त्यांनी पुढचा स्टोन उचलला.

"ओळखीचं आहे का कोणी?" योगेशने विचारलं.

"नाही. मागे घे गाडी."

मागे घेताना त्याचा गिअर तीनदा अडकला.

५

मी रजा टाकली. ताप आहे म्हणून सांगितलं. अडाजणच्या फ्लॅटमध्ये, दार लावून, आतल्या खोलीत बसून राहिलो. मीच फिरलो नाही तर माझा रस्ता वाकणार कसा? पहिला दिवस बरा गेला. दुसराही. मी जेवलो, पेपर वाचला, सुवर्णाशी दोनदा विनोद केला.

तिसऱ्या दिवशी साडेपाचच्या सुमारास कागदावर पुन्हा ती जुनी आकृती काढली. मध्ये मोठं वर्तुळ, भोवती लहान ठिपका, लांब कोपऱ्यात तिसरा. विद्यार्थ्यांसाठी ही आकृती मी शंभरदा काढली असेन. तिसऱ्याच्या ओढीने मध्यभागी असलेल्याला सहसा काही होत नाही. तो जड असतो, जरासा डगमगतो, इतकंच. कक्षा बदलते ती त्याच्याभोवती फिरणाऱ्याची.

मी स्वतःला ठिपका समजत आलो होतो.

"सुवर्णा," मी हाक मारली. "मनीषा कुठे आहे?"

मनीषा आमची एकुलती एक. सोळा वर्षांची, अकरावीत.

"ट्यूशनला. येईल साडेसहापर्यंत."

"ट्यूशन तर पाचला सुटते."

"गेले दोन-तीन महिने तिला उशीरच होतो. पण गणित किती सुधारलंय बघा ना." सुवर्णा दारात येऊन उभी राहिली. "कोणी एक दीदी भेटलीये म्हणे तिला. ट्यूशनच्या गेटपाशीच भेटली. फार छान शिकवते, म्हणते."

"नाव काय तिचं?"

"विचारलं होतं मी. काय बरं… नूतन."

मी मनीषाचा फोन कुठे आहे ते बघितलं. घरातल्या सगळ्यांचे फोन आम्ही जोडून ठेवले होते. तिच्या मोपेडच्या रेघा दिवाळीपासून वाकत होत्या. माझ्या पहिल्या वाकड्या रेघेच्या दोन महिने आधीपासून. मी रोज संध्याकाळी नकळत तिच्याच मागे ओढला जात होतो.

तिचा ठिपका डिंडोलीत होता. हलत नव्हता.

६

मी पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. मनीषाची मोपेड घराच्या भिंतीला टेकवलेली होती. प्रमिलाबाई उंबऱ्यावरून उठल्या.

"या सर. बठा."

"मनीषा आहे इथे?"

"शे ना. अभ्यास चालू शे तिना."

आत एकच खोली. मध्ये जुन्या साडीचा पडदा लावून तिचे दोन भाग केलेले. पडद्यापलीकडून मनीषाचा आवाज येत होता, एखादं गणित पुटपुटत सोडवल्यासारखा. ती थांबली की दुसरा एक आवाज एखादाच शब्द बोलायचा. इतका हळू, की लूमच्या खडखडीत मला तो नीट ऐकू येत नव्हता. पण बोलण्याची ती ढब मी तीन वर्षं ऐकली होती.

कोणीतरी दुसरी मुलगी असेल, मी मनाशी म्हटलं. नात्यातली असेल. नूतन नावाच्या काय कमी मुली आहेत? या बाईने मुद्दाम कोणाला तरी शिकवून बसवली असेल. माझ्या पोरीला नादी लावून मला छळायचं असेल. मला ते पटत होतं. ते पटण्यासारखंच होतं.

प्रमिलाबाईंनी चहा पुढे केला. मी कप हातात घेतला.

कपातला चहा तिरका होता. मी कप सरळ धरला होता, तरी चहाची एक कड काठाला लागली होती आणि दुसरी पार खाली. कड उंच होती ती पडद्याच्या बाजूची. मी कप फिरवला. चहा आतल्या आत सरकला आणि पुन्हा त्याच बाजूला चढला. मग मला छताला टांगलेला बल्ब दिसला. त्याची वायर सरळ खाली आलेली नव्हती. ती पडद्याकडे झुकून स्थिर झाली होती. सगळ्या खोलीला कल आला होता. प्रमिलाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. सवय झालेली असावी.

"बाई," मी कप खाली ठेवला. "ते काम नूतनचं होतं. मी खोटं बोललो. समितीत मी धादांत खोटं बोललो."

"माले माहीत शे. तिले बी माहीत शे." त्या जमिनीवर बसल्या आणि साडी पुन्हा मांडीवर घेतली. "तुम्हलेच बोलाले इतला दिन लागनात."

"तुम्ही माझ्या मुलीला कशाला बोलावलंत? तिने काय केलंय?"

"मी कोन्ले बलावं नही, सर." त्यांनी तळहात जमिनीवर ठेवला. "मी आठेच बठेल शे. दोन वरीस."

"मग तिला जाऊ द्या."

"मी कुठे धरेल शे?"

मी उठलो. "मनीषा!" मी ओरडलो. पुटपुटणं थांबलं. पडदा हलला आणि मनीषा बाहेर आली. हातात वही, गालावर शाईचा डाग, आणि तोंडावर असा आनंद, जो आमच्या घरात मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"पप्पा, तुम्ही? दोन मिनिटं थांबा ना, शेवटचं उदाहरण राहिलंय."

तिच्या मागे पडदा परत खाली पडायच्या आत, बोटभर फटीतून मला अर्धा चेहरा दिसला. एक डोळा आणि कानामागे खोचलेली पेन्सिल. तो डोळा माझ्याकडे बघत होता. त्यात राग असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो. पण तो फक्त काहीतरी नीट लक्षात ठेवत होता.

मी पडदा ओढला. पलीकडे चटई होती, पाट होता. कोणी नव्हतं. मागे दारही नव्हतं.

"पप्पा, काय करताय? दीदी घाबरेल ना," मनीषा त्या रिकाम्या चटईकडे बघत म्हणाली.

७

मी तिला दंड धरून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलसाहेबांच्या टेबलावर पत्र ठेवलं. काहीही झाकलं नाही. त्यांनी मला समजावलं, मग दटावलं, मग राजीनामा मागितला. मी तो दिला. पेपर छापणाऱ्यांनाही लिहिलं. तीन महिन्यांनी तिथे दुरुस्ती आली आणि नूतन लोटू बागुल हे नाव एकटंच वर गेलं. त्याची प्रत घेऊन मी डिंडोलीला गेलो. प्रमिलाबाईंनी ती घडी घालून देव्हाऱ्यात ठेवली. आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं.

मध्यंतरी भाईदासचा फोन आला. अँटेनाच्या मोटरमधला एक दात झिजला होता म्हणे. नवा बसवल्यापासून उपग्रह अगदी गणिताप्रमाणे येतो. "बस, एटलुंज हतुं साहेब," तो म्हणाला. तेवढंच असेलही. ते मला मान्य आहे.

मनीषाचा दात कुठला बदलायचा?

आम्ही तिची मोपेड काढून घेतली. ती रिक्षाने गेली. रिक्षावाल्याने पत्ता विचारला नाही, असं ती म्हणाली. आम्ही तिला रेल्वेने नंदुरबारला मामाकडे सोडायला निघालो, तर डिंडोलीच्या फाटकापाशी गाडी विनाकारण पाऊण तास थांबली. मी बाटलीत पाणी भरून येईपर्यंत ती उतरून चालत गेली होती. पोलिसांना काय सांगणार? मुलगी एका गरीब बाईच्या घरी गणित शिकायला जाते. वर्गात पहिली येते. अंगावर ओरखडा नाही.

आधी ती साडेसहाला यायची, मग आठला. मग आठवड्यातून दोनदा तिथेच राहू लागली. आता शनिवारी कपडे न्यायला येते. सुवर्णा तिला आणायला गेली होती, एकदा रडत आणि एकदा भांडत. दुसऱ्या खेपेला ती एकटीच परत आली आणि बाल्कनीत जाऊन बसली. तिने तिथे काय पाहिलं ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मागच्या शनिवारी मनीषा पिशवी भरून निघाली, तेव्हा दारात चपला घालता घालता मला म्हणाली, "येते, सर." तिचं तिलाच कळलं नाही.

आता नोकरी नाही, वेळ भरपूर आहे. संध्याकाळी मी डिंडोलीला जातो. आत जात नाही, उंबऱ्यापाशी बसतो. प्रमिलाबाई साडी आवरून मला जागा करून देतात. आतून पोरीचा आवाज येत राहतो, अधूनमधून हसण्याचा. इतकी जवळ आहे ती, पण हाक मारली तर ओ देत नाही.

परवा प्रमिलाबाईंनी स्टोनवर बोट दाबून धरलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पहिलं वरीस कान दारकडेच ऱ्हातस, सर. पावलं वाजनात का आपलीच पोर घर उनी असं वाटस."

"मग?" मी विचारलं.

त्यांनी बोट उचललं. स्टोन पक्का बसला होता.

"मग बी तसंच वाटस," त्या म्हणाल्या.